कपड्यांवर भांडी : कोल्हापुरातील एका बिनपैशाच्या सेवेचे परीक्षण

कोल्हापूरच्या पेठांमध्ये आणि उपनगरांतल्या कॉलन्यांमध्ये जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात नवी भांडी देणाऱ्या बायका आजही फिरतात. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीशी कपड्यांचे बोचके आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचणारी "कपड्यावर भांडीऽऽ" ही हाळी, एवढ्या भांडवलावर त्यांचा व्यवसाय उभा आहे. काही घरांत त्यांना बोहारीण म्हणतात, काही घरांत नुसत्या भांडीवाल्या मावशी. हॉटेलांची, दुकानांची, मोबाइलची परीक्षणे रोज लिहिली जातात. या सेवेचे परीक्षण मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. ते लिहायला हवे असे मला मनापासून वाटते, कारण ज्याला पाठ्यपुस्तके वस्तुविनिमय म्हणतात आणि मागे पडलेली रीत म्हणून दोन परिच्छेदांत उरकतात, तो व्यवहार आपल्या उंबऱ्यावर सगळ्या बारकाव्यांसह चालू असतो आणि त्यासाठी मराठीने घडवलेले शब्दही आपल्या तोंडी असतात.

व्यवहाराची रीत ठरलेली आहे. मावशी पाटी उतरवून जिन्याखाली किंवा दाराबाहेर बसतात आणि भांडे हातात देण्याआधी कपडे मागतात. त्यानंतरची त्यांची पारख पाहण्यासारखी असते. पँट आली की ती उलटी करून बैठकीचा भाग उजेडासमोर धरला जातो, कारण तिथे विरलेले कापड बाहेरून दिसत नाही. मग झिप वर-खाली होते आणि पायाच्या दुमडीत किती कापड शिल्लक आहे हे चिमटीने पाहिले जाते. शर्टाची कॉलर आणि काखेतली शिवण यांवर शर्टाचे भवितव्य ठरते. साडी पूर्ण उलगडतात, निऱ्यांच्या जागेवरून हात फिरवतात आणि टाचेकडचा काठ झिजला आहे का ते बघतात. जुन्या जरीच्या साडीला वेगळा मान असतो. जरीचा धागा नखाने किंचित उकलून आत लाल रेशीम दिसते का हे तपासले जाते, कारण खरी जर लाल रेशमाभोवती चांदीची तार गुंडाळून आणि वर सोन्याचा मुलामा देऊन करतात, आणि अशी जर जाळून त्यातली चांदी काढून घेणारे गिऱ्हाईक बाजारात असते. हे सगळे मिनिटा-दोन मिनिटांत होते. कोणत्याही काउंटरवर माझ्या वस्तूची इतकी लक्षपूर्वक तपासणी झालेली मी पाहिलेली नाही.

मग भाव ठरतो, आणि तो रुपयांत ठरत नाही. "ह्यावर पातेलं बसत न्हाई, वैनी. आणि एक प्यांट घाला, न्हाईतर हा डबा घ्या." या दोन वाक्यांत अख्ख्या व्यवहाराचे व्याकरण आहे. कपडे 'घालायचे' असतात, भांडे त्या कपड्यांवर 'बसते' किंवा 'बसत नाही', आणि दोन्ही बाजूंना जोडणारे शब्दयोगी अव्यय म्हणजे 'वर'. कपड्यांवर भांडे, मोडीवर दागिना, भंगारावर गारेगार. पैसे देऊन घेताना आपण वस्तू इतक्या रुपयांना घेतली किंवा इतक्या रुपयांत घेतली असे म्हणतो, तिथे हा 'वर' येत नाही. बोलीने बिनपैशाच्या देवघेवीसाठी वेगळी रचना राखून ठेवली आहे आणि आपण ती न चुकता वापरतो.

ही रचना टिकण्यामागे मला एक सामाजिक कारणही दिसते. घरातले वापरलेले कपडे 'विकले' असे आपल्याकडे कोणी सांगत नाही; तसे म्हणायला जीभ कचरते, कारण अंगावरचे कपडे विकणे म्हणजे घरावर वाईट दिवस आल्याची खूण मानली जाते. 'कपड्यांवर पातेले घेतले' हे मात्र शेजारणीला कौतुकाने सांगितले जाते. वस्तू त्याच, देवघेव तीच, पण पैसा मध्ये नसल्यामुळे घराची अब्रू शाबूत राहते आणि गृहिणीचा हिशेबीपणा तेवढा उठून दिसतो. रद्दीवाला पैसे देतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. कपड्यांची गोष्ट निराळी आहे.

ग्रंथांतला शब्द 'विनिमय' पाहिला तर त्याची मुळे फार खोल आहेत. 'वि' आणि 'नि' हे उपसर्ग लागलेला 'मे' हा धातू त्याच्या पोटात आहे आणि त्या धातूचा अर्थच अदलाबदल करणे असा आहे. मापणे या अर्थाच्या 'मा' धातूशी त्याची इतकी जवळीक आहे की पाणिनीने देवघेवीच्या अर्थाचे सूत्र सांगताना या धातूचा उल्लेख 'माङ्' असाच केला आहे. मावशींची बोटे पँटच्या दुमडीतले कापड मोजताना पाहिली की मोजणे आणि बदलणे यांची ही शेजारवस्ती चांगली समजते. अमरकोशात वैश्यवर्गात याच अर्थाचे परिदान, परिवर्त, नैमेय आणि निमय हे शब्द एकत्र दिले आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळात व्यापारावर जगावे लागणाऱ्यांसाठी कशावर काय बदलावे याचे नियमच आहेत: रसांच्या बदल्यात रस द्यावेत, पण मीठ देऊन रस घेऊ नयेत, शिजवलेले अन्न न शिजवलेल्याच्या बदल्यात द्यावे, तीळ धान्याच्या बदल्यात समप्रमाणात द्यावेत. तिथे वापरलेले 'निमातव्याः' हे क्रियारूप याच 'मे' धातूचे आहे. नियम करावे लागले यावरूनच व्यवहार किती रुळलेला असेल याचा अंदाज येतो.

मला सर्वांत आवडतो तो या शब्दाचा कालिदासाने केलेला वापर. 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात दिलीप राजा यज्ञासाठी पृथ्वीचे दोहन करतो आणि इंद्र पिकांसाठी आकाशाचे. आपापल्या संपत्तीच्या या 'विनिमयाने' दोघे दोन्ही लोक सांभाळतात. आकाशातला पाऊस आणि जमिनीवरचा हविर्भाग यांच्या देवघेवीला कवीने बाजारात चालणारा शब्द दिला आणि त्यात त्याला काही उणे वाटले नाही. त्यामुळे आपल्या दारातल्या पातेल्याच्या व्यवहारासाठी हा शब्द फार भारदस्त आहे, असे मी मानत नाही.

तरीही गल्लीत विनिमय हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे चालतात ते अदलाबदल, मोबदला आणि साटेलोटे हे शब्द. 'बदल' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि त्याच घराण्यातला 'मुबादला', म्हणजे परस्परांत केलेली अदलाबदल, आपल्याकडे 'मोबदला' झाला. आज धरणाखाली किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे म्हणजे मोबदला असे समीकरण झाले आहे. शब्दाचा जन्म मात्र पैशाच्या नव्हे, देवघेवीच्या घरातला आहे. 'ऐवजी' आणि 'ऐवज' यांचीही कथा तशीच: अरबी 'इवज' म्हणजे बदली वस्तू, आणि आज आपण चोरीच्या बातमीत सोन्या-नाण्याला ऐवज म्हणतो. 'साटे' हा शब्द प्राकृतातल्या 'सट्ट' या देवघेववाचक शब्दापर्यंत मागे नेता येतो. एका घरच्या भावाबहिणीने दुसऱ्या घरच्या बहीणभावाशी लग्न करणे म्हणजे साटेलोटे, हा अर्थ आपल्या भागात अजून जिवंत आहे. वर्तमानपत्रांनी त्याला पुढाऱ्यांच्या आपसांतल्या संगनमताचा अर्थ चिकटवला. इंग्रजीतल्या 'बार्टर'ला तर जन्मापासूनच संशयाचा वास आहे. तो जुन्या फ्रेंचमधल्या ज्या क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ व्यवहार करणे असा होता तसाच फसवणे असाही होता, आणि त्या क्रियापदाचे मूळ अभ्यासकांना निश्चित करता आलेले नाही. आपल्या विनिमयाच्या मुळाशी फसवणूक नाही, याचे मला समाधान वाटते.

कायद्यानेही या व्यवहाराला वेगळी ओळख दिली आहे. मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे विक्री होण्यासाठी किंमत लागते आणि किंमत म्हणजे पैशाच्या रूपातला मोबदला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे: दोन व्यक्ती एका वस्तूच्या मालकीसाठी दुसऱ्या वस्तूची मालकी परस्परांना देतात, आणि दोन्हींपैकी एकही गोष्ट निव्वळ पैसा नसते किंवा दोन्हीही निव्वळ पैसाच असतात. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्यातही 'पुरवठा' या संज्ञेत विक्रीच्या बरोबरीने वस्तुविनिमय आणि अदलाबदल यांचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे. तेव्हा मावशींनी मला पातेले विकले असे म्हणणे कायद्याच्या भाषेतही बरोबर ठरत नाही.

महाविद्यालयात शिकवले जाणारे अर्थशास्त्र या पद्धतीकडे सहानुभूतीने पाहत नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मांडलेले चित्र असे, की माणसे आधी वस्तूंची अदलाबदल करत होती, त्यात अडचण येऊ लागली आणि म्हणून पैसा आला. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८७५ मध्ये त्या अडचणीला नाव दिले, गरजांचा दुहेरी मेळ: मला हवे ते तुमच्याकडे असले पाहिजे आणि तुम्हाला हवे ते नेमके माझ्याकडे. पुढे मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलिन हम्फ्री यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की निव्वळ वस्तुविनिमयावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचे एकही उदाहरण कोठे वर्णिलेले नाही, मग त्यातून पैसा जन्मल्याचे उदाहरण तर दूरच. पैसा नसलेल्या समाजांत माणसे देणे, उसने आणि परतफेड यांवर जगत होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही, कारण त्याला 'पैरा' ठाऊक आहे: आज माझी बैलजोडी तुमच्या रानात, उद्या तुमची माणसे माझ्या भांगलणीला. तिथे जागच्या जागी हिशेब मिटत नाही. तो पुढच्या हंगामापर्यंत चालू राहतो आणि नातेही त्याबरोबर चालू राहते.

भांडीवाल्या मावशींनी जेव्हन्सची अडचण सोडवली आहे ती अशी, की दुहेरी मेळ जमेपर्यंत त्या थांबत नाहीत. तो जमवून आणणे हाच त्यांचा धंदा आहे. मला जुन्या कपड्यांचे गिऱ्हाईक सापडणार नाही आणि ज्याला ते कपडे हवेत त्याला माझे घर सापडणार नाही. मधले चालणे, ओझे वाहणे, कपडे निवडणे, धुणे, रफू करणे आणि जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे पोहोचवणे हे सगळे त्या करतात. धड कपडे पुन्हा कोणाच्या अंगावर जातात आणि फाटके गॅरेजमध्ये पुसायला जातात. पैसा या साखळीत आहेच, पण तो माझ्या दारापलीकडे आहे: त्या भांडी रोखीने घेतात आणि कपडे रोखीने देतात. पातेल्याची किंमत त्यांना ठाऊक असते आणि पँटची मला ठाऊक नसते. सौद्यात त्यांचा हात वर राहतो तो एवढ्याच जागी, आणि त्यांच्या पायपिटीचा मेहनताना त्यातूनच सुटतो.

आता भांड्यांविषयी. इथे मला काही गुण कापावे लागतात. पाटीतले स्टील बहुधा पातळ पत्र्याचे असते. डबे, चाळण्या, तांब्या, ताटल्या यांना त्याने फारसा फरक पडत नाही. घरात असे डबे वर्षानुवर्षे डाळी-तांदळासाठी चालतात. पातेले मात्र विचार करून घ्यावे, कारण पातळ बुडाच्या पातेल्यात दूध लागते आणि आमटी तळाला करपते. स्टीलची प्रत लोहचुंबकाने तपासण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तिच्यावर फार विसंबू नये. ३०४ आणि २०२ या दोन्ही प्रती चुंबकाला सहसा चिकटत नाहीत. फरक असा, की २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असल्यामुळे मीठ आणि आंबट पदार्थांपुढे ते लवकर डागाळते. लोणचे, चिंचेचा कोळ किंवा सोलकढी अशा भांड्यात साठवून ठेवू नये. ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही हाच नियम लावावा. प्लॅस्टिकचे टब आणि घमेली कपड्यांवर घेण्यात मला फायदा वाटत नाही. ती उन्हात तडकतात आणि तेवढ्या कपड्यांवर एखादा बरा डबा बसू शकतो.

तक्रारीची आणखी एक जागा आहे. काही वेळा कपडे बोचक्यात गेल्यावर "वर थोडे पैसे द्या" अशी मागणी होते. एकदा एका मावशींनी सौदा ठरून डबा माझ्या हातात दिल्यानंतर तो परत मागितला आणि लहान डबा पुढे केला. अशा वेळी न भांडता कपडे परत मागावेत. मला ते लगेच मिळाले आणि बोलणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. कपडे बोचक्यात आणि भांडे स्वयंपाकघरात गेले की सौदा संपला, हा दोन्ही बाजूंनी पाळायचा रिवाज आहे आणि बहुतेक जणी तो नीट पाळतात. घासाघीस आपल्या बाजूनेही जरा आवरती घ्यावी. आठ कप्प्यांचे कपाट आवरून निघालेल्या कपड्यांतला एक शर्ट वाचवण्यासाठी उन्हात बसलेल्या बाईला अर्धा तास ताणणे मला बरे दिसत नाही.

या सेवेची बलुतेदारीशी जी सरसकट तुलना केली जाते, ती मला मान्य नाही. बलुत्यातही पैसा नव्हता. कुंभार, सुतार, लोहार, न्हावी, परीट वर्षभर गावाचे काम करत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेत. पण त्या रचनेत काम जन्माने ठरलेले होते, वाटा गावाने ठरवलेला होता आणि 'नाही' म्हणण्याची सोय कामगाराला नव्हती. महारांच्या वाट्याला आलेली वेठ तर केवळ अन्याय होती, आणि म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील महार वतन रद्द केले. या गावात राहून बलुत्याच्या आठवणीने गहिवरणे मला शक्य नाही. मावशी आणि मी यांच्यातला व्यवहार वेगळा आहे तो नेमका या जागी, की माझे कपडे पसंत नसले तर त्या पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या दाराला जातात आणि भांडे पसंत नसले तर मी कपडे उचलून आत जाते. विनिमय हा शब्द शोभायचा असेल तर दोन्ही बाजूंना उठून जाता आले पाहिजे.

गुजरी या सराफ बाजारातली सोन्याची मोड किंवा महाद्वार रोडच्या परिसरातल्या दुकानांत तांब्या-पितळेच्या मोडीवर नवे भांडे घेणे हे दिसायला याच जातीचे असले तरी वस्तुतः तो पैशाचाच व्यवहार आहे. तिथे वजन होते, घट धरली जाते, घडणावळ लागते आणि प्रत्येक पायरीला रुपयांचा दर असतो. मोड ही केवळ रकमेतून वजा होते. मोठ्या दुकानांतल्या जुना मिक्सर द्या, नवा घ्या अशा सवलती तर उघडच सूट देण्याचा प्रकार आहेत. त्या वाईट नाहीत, पण त्यांत माझ्या जुन्या मिक्सरकडे कोणी डोळे उघडून पाहतही नाही.

सेवा म्हणून मी हिला पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक गुण पातेल्यांच्या बुडासाठी आहे. ज्यांच्या घरी चांगल्या अवस्थेतले पण अंगाला न होणारे कपडे साठले आहेत, त्यांनी ते जरूर घालावेत. पुरुषांच्या पँट, जीन्स आणि काठ शाबूत असलेल्या साड्या यांना सर्वांत चांगला भाव मिळतो. लहान मुलांचे कपडे आणि विरलेल्या चादरी भरीला घेतल्या जातात. कपडे धुऊन, खिसे तपासून आणि घडी करून द्यावेत. पारख लवकर होते आणि भांडेही बरे मिळते. दिवाळीच्या आवराआवरीच्या दिवसांत सगळीकडूनच कपडे निघतात, तेव्हा भाव पडतो. उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागल्यावर घातलेल्या कपड्यांवर अधिक मिळते असा माझा अनुभव आहे. जाड बुडाचे पातेले किंवा ठरावीक मापाचा डबा हवा असेल तर तसे आधीच्या फेरीला सांगून ठेवावे. ओळखीच्या मावशी लक्षात ठेवून आणतात, मात्र त्यावर कपडेही त्याच मापाने बाजूला काढून ठेवावे लागतात.